पडदेवालीचा उजवा पाय

सकाळपासून वारा नुसता उंडारत होता. ढग आले म्हणावं तर ऊन, ऊन पडलं म्हणावं तर पुन्हा सावली. पडदेवालीने दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं, तरी कापडाचे कपटे जमिनीवरून पळत सुटले होते. एका दवाखान्याचे हिरवे पडदे सकाळच्या सकाळी हातावेगळे करायचे होते, कारण नंतर तिला शिकवणी गाठायची होती. मोटारसायकलची.

तिने कापड सुईखाली सरकवलं आणि मशीनच्या मोटारीच्या पेडलवर पाय दाबला. मशीन खडखडत निघालं. कोपरा आला तसा थांबायचं म्हणून तिने पाय आणखी दाबला. टीप कोपरा ओलांडून कापडाबाहेर गेली आणि दोरा गुंडाळून सुई अडकली.

"मेलं ते!" ती म्हणाली.

"पुन्हा?" मागे स्टुलावर बसलेल्या नवऱ्याने विचारलं. "अगं, थांबायला पाय उचलायचा असतो. आयुष्यभर तेच करत आलीस ना?"

"मशीनवर उचलायचा, गाडीवर दाबायचा. आता माझ्या पायाला काय कळणार, मी कशावर बसलेय ते?"

नवरा हसला. हसताना त्याचं तोंड थोडं एका बाजूला जायचं. अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू धरली त्याला आता बरेच महिने झाले होते. बोलणं परतलं, चालणंही परतलं. उजवा हात मात्र रुसून बसला होता. त्याआधी कामाची वाटणी साधी होती. ही शिवायची, तो मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायचा, पडद्यांचं गाठोडं मागे बांधून न्यायचा आणि दांड्या ठोकून टांगून यायचा. आता गाडी अंगणात उभी होती आणि गावाबाहेरच्या नव्या वसाहतींतली गिऱ्हाइकं फोनवर विचारायची, "माप घ्यायला कोण येणार?" येणारं कोणी नसलं की ती दुसरीकडे जायची. राहिलं काय, तर गल्लीतल्या लोकांच्या पॅन्ट आखूड करणं.

गाडीवर पुतण्याचा डोळा होता. नवऱ्याने बायकोला साफ सांगितलं होतं, "शिकवणीत पास झालीस तर गाडी तुझी. नाहीतर उद्या तो येऊन घेऊन जाईल. उन्हात सडवण्यापेक्षा ते बरं." ती परीक्षा आज होती.

तिने अडकलेला दोरा कापला, नवऱ्याचं जाड जाकीट चढवलं आणि निघाली.

शिकवणी एका बंद कारखान्याच्या आवारात भरायची. सिमेंटच्या मैदानावर वळणं शिकायला प्लास्टिकच्या केशरी उंच टोप्या रांगेत मांडलेल्या, एका कडेला शिकवणीची गाडी आणि मध्ये गळ्यात शिट्टी अडकवलेले मास्तर. मास्तर माणूस चांगले, पण त्यांचं एक वाक्य दुसऱ्या वाक्याशी कधी बोलायचं नाही.

"डावीकडे वळायचं, तर डावा हात पुढे ढकला," ते म्हणाले.

"मग चाक उजवीकडे नाही का जाणार?" पडदेवालीने विचारलं.

"गाडी डावीकडे जाईल."

"का?"

"ते विचारू नका काकू, ढकला. आणि लक्षात ठेवा, खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल."

"बघितलंच नाही, तर खड्डा कुठेय ते कसं कळणार?"

मास्तर म्हणाले, "आधी बघा. मग बघू नका."

शेजारी हेल्मेटचा पट्टा सोडवत उभी असलेली नर्स फिसकन हसली. रात्रपाळीला चालत जायचा कंटाळा आला म्हणून ती शिकायला आली होती. "काकू, माझ्याही डोक्याचा भुगा झालाय. मी आपली ते म्हणतात त्याच्या उलट करते. बरोबर येतं."

वळणं पडदेवालीने कशीबशी निभावली. एका टोपीला चाक चाटून गेलं, पण मास्तर तेव्हा शिट्टी पुसत होते. खरी धास्ती होती ती शेवटच्या पाठाची. सरळ वेगात यायचं आणि मास्तरांनी हात वर केला की पांढऱ्या रेघेच्या आत थांबायचं. उजव्या हाताने पुढचा ब्रेक, उजव्या पायाने मागचा, दोन्ही एकदम आणि बेताने. दोनदा जमलं नाही, तर नापास.

ती निघाली. गियर बदलला. मास्तरांचा हात वर गेला. तिच्या मनाने "थांब" म्हटलं आणि उजवा पाय टुणकन वर उचलला गेला. घाबरून हाताने मूठ आवळली, ती आवळताना ॲक्सिलरेटरही पिळला गेला, आणि गाडी थांबायची सोडून गुरगुरत पुढे झेपावली. रेघ गेली, मास्तर उडी मारून बाजूला झाले. दोन टोप्या आडव्या पाडून गाडी आचके देत बंद पडली.

"काकू!" मास्तर ओरडले. "पाय का उचलला?"

"थांबायला!"

"थांबायला दाबायचा!"

"सकाळी दाबला होता हो! तेव्हा उचलायचा होता!"

मास्तरांनी नर्सकडे बघितलं. नर्सने खांदे उडवले.

"काम काय करता तुम्ही?" मास्तरांनी विचारलं. तिने शिलाई मशीनचं सांगितलं: पाय दाबला की धावतं, उचलला की थांबतं, फारच धावलं तर उजव्या हाताने चाक आवळून धरायचं. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे तुमचं सगळं बरोबर आहे, फक्त वाहन चुकलंय! आता असं करा, अजिबात विचार करू नका." मग दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "पण नीट विचार करून करा."

ती रांगेच्या टोकाला गाडी घेऊन उभी राहिली. दाबायचा. उचलायचा नाही. म्हणजे उचलायचा हा विचारसुद्धा करायचा नाही. पण तो करायचा नाही म्हटलं की तोच येतो. डोळ्यांसमोर पुतण्या दिसत होता, गाडीला किक मारून अंगणातून बाहेर पडणारा. दुकानात आखूड करायच्या पॅन्टचा ढीग दिसत होता.

"या!" मास्तरांनी हाक दिली.

ती निघाली. वारा जाकिटात शिरून त्याचा फुगा झाला. हात वर गेलेला तिला दिसला, आणि मग मधलं काही कळलं नाही. पुढच्या क्षणी गाडी उभी होती, तिचा डावा पाय जमिनीवर होता आणि पांढरी रेघ चाकाच्या पुढे होती.

"शाब्बास!" मास्तर म्हणाले. "पास!"

नर्सने टाळ्या वाजवल्या. पडदेवाली खाली वाकून आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिली. ब्रेक दाबलेलाच होता. कोणी दाबला?

"मास्तर, मी थांबले कशी?"

"थांबलात ना? मग झालं तर."

"पण पुन्हा कशी थांबणार?"

"अशीच," मास्तर म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारायला वळले.

घरी आली तर नवरा अंगणात गाडीजवळच उभा होता. डाव्या हाताने फडकं घेऊन त्याने टाकी पुसून लख्ख केली होती. बायकोसाठी की पुतण्यासाठी, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"काय झालं?"

"पास."

त्याने फडकं झटकलं, पुन्हा झटकलं. तिला वाटलं, रागावला. मग वाटलं, रडतोय की काय. दोन्ही नसावं, किंवा दोन्ही असावं.

"अहो, खरं सांगू? कशी थांबले, मला कळलंच नाही. उद्या भर रस्त्यात पाय वर गेला तर?"

"मला तरी कुठे कळायचं? चालवताना कोणी विचारलं असतं ना, तर मी पडलो असतो." त्याने खिशातून फोन काढून तिच्याकडे दिला. "लाव त्याला."

तिने नंबर लावून फोन त्याच्या कानाला धरला. "हां, ऐक," तो पुतण्याला म्हणाला, "उद्या येऊ नकोस. गाडी तुझ्या काकूची झाली. नाही रे, थट्टा नाही... हो, चालवता येते. थांबवताही येते, म्हणते ती." फोनमधून मोठ्याने काहीतरी आलं. "बरं, बरं," म्हणत त्याने मान बाजूला केली.

"काय म्हणाला?"

"रस्त्यावर कधी निघणार ते आधी सांगा म्हणाला. तो घरात बसेल."

"बसू दे मेल्याला," ती म्हणाली. "नव्या वसाहतीतून फोन आला होता ना, त्या बाईला सांगा, परवा माप घ्यायला येते. परवा नको... नाही, परवाच सांगा."

नवरा पायरीवर टेकला. डाव्या हाताची नखं वाढली होती आणि उजव्या हाताने ती कापता येत नव्हती. पडदेवालीने जाकीट काढून खुंटीला अडकवलं, नेलकटर घेऊन त्याच्याशेजारी बसली, त्याचा हात आपल्या मांडीवर ओढला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.