साडूंचे खारे जंतू

ओंजळभर पाणी सांडले तरी ते पुढे कुठे जाणार याची काळजी करणारा माणूस अख्ख्या अकोल्यात एकच होता, आणि तो नेमका माझा साडू होता. सूत रंगवण्याच्या कारखान्यात ते केमिस्ट होते. त्यांना जेवायला बोलावणे म्हणजे आमच्या मोरीची तपासणीच. मोर्शीच्या एका लग्नात सगळे पंगतीसाठी त्यांना शोधत होते, आणि हे मांडवामागे सांडपाण्याच्या खड्ड्याशी उकिडवे बसलेले. बुडबुड्यांकडे बोट दाखवून मला म्हणाले, "जंतू जेवून राहिले. त्यांचं होऊ द्या, मंग आपण बसू."

कारखान्याचे पाणी मात्र जंतूंनाही जड होते. रंग धरावा म्हणून त्यात मीठ, आणि सुताला लावलेली पिठाची खळ सुटून नाल्यात कुजायची. नाल्याच्या खालच्या अंगाला वेणूबाईंचे वावर. एक दिवस त्या फाटकाशी येऊन साडूंना म्हणाल्या, "भाऊ, माही म्हैस नाल्याले तोंड लावत नाई. जनावराले कळते, तुमाले काहून कळत नाई?"

ते साडूंच्या जिव्हारी लागले. खळ खाऊन टाकतील म्हणून त्यांनी कारखान्याचे पाणी नाल्याआधी एका टाक्यात अडवून त्यात शेणातले जंतू सोडले. खारटपणाने ते दोन दिवसांत मेले. साडू दाढी न करता बसून राहिले, तेव्हा माझ्या मेहुणीने विचारले, "सुतक कोणाचं पाळून राहिले?"

मग ते पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात गेले आणि जिचे पाणी कोणी तोंडात धरत नाही अशा विहिरीकाठचा चिखल घेऊन आले. तिथले जंतू खाऱ्यातच वाढलेले. नव्या सुनेला सासरच्या तिखटाची सवय लावावी तसे साडूंनी त्यांना रोज थोडे थोडे कारखान्याचे पाणी पाजले. हवा लागावी म्हणून सकाळ-संध्याकाळ बांबूने टाके ढवळले. काही महिन्यांनी खरोखरच नाल्याचा वास गेला.

कारखान्याचे मालक शेटजी खूश झाले. म्हणाले, "आता लिहून द्या, हे पाणी शेतीला चालते."

साडूंनी बशीभर पाणी आटवून तळाचे मीठ त्यांच्यापुढे ठेवले. "जंतूंनी खळ खाल्ली, शेटजी. मीठ ते खात नाहीत. मी सही करणार नाही."

त्याच दिवशी ते वेणूबाईंकडे गेले. मी सोबत होतो. "बाई, वास गेला, पण हे पाणी वावराले देऊ नका. जमीन मरंल. मीठ काढणं मले नाही जमलं."

वेणूबाईंनी ओसरीवर सतरंजी अंथरली. मग म्हणाल्या, "खरं सांगाले घरापावतर कोन येते, भाऊ? बसा, च्या मांडतो."

पुढच्या आठवड्यात शेटजींनी साडूंना टाक्यावरून काढून गोदामात बसवले. ढवळणारे कोणी उरले नाही. जंतू गेले, वास परतला. साडू नोकरी सोडून अमरावतीला एका शाळेत विज्ञान शिकवू लागले, आणि टाक्याचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

काही वर्षांनी आम्ही दोघे बसने अकोल्याला गेलो. नाल्याच्या पुलावर गाडी आली तशी सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. मीही लावला. साडूंनी लावला नाही. पूल ओलांडेपर्यंत ते खिडकीतून खाली पाहत राहिले.