गमछा गेला, मी राहिलो

कुणी भुताखेताची गोष्ट सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला — 'जेवून किती वेळ झाला होता?' माझ्या मते जगातले अर्धे चमत्कार अपचनाचे असतात आणि उरलेले चष्म्याच्या नंबराचे. त्यामुळे इथं या ग्रुपवर तुम्हा सगळ्यांचे अनुभव मी वाचायचो ते हसण्यासाठी, आज कबूल करतो. आता माझ्यावर हसायची तुमची पाळी. फक्त एवढं लक्षात ठेवा — त्या दिवशी सकाळी मी उपाशी होतो, चष्मा नवा होता, आणि ऊन चांगलं लख्ख पडलेलं होतं.

आम्ही बालाघाटचे. मूळ भंडाऱ्याकडचं, म्हणून घरात अजून मराठी. मुलगा मात्र नागपुरात राहूनही फोनवर हिंदीतच बोलतो. मी एका सरकारी ऑफिसात बाबू. वय चोपन्न, पोट त्याहून थोडं मोठं वाटेल असं. बायको सुलभा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला सांगितलं, शुगर आहे, चाला. मी म्हटलं, चाल की, गल्लीत. पण आमच्या गल्लीत राहतात बिसेन भाऊ, रिटायर्ड फॉरेस्टवाले. त्यांनी कॉलनीतल्या चार-पाच जणांना गोळा करून नवीनच उद्योग काढला. दर रविवारी सकाळी बैहरची बस धरायची, घाट चढून गेलं की महुआटोल्याच्या फाट्यावर उतरायचं, तिथून पायवाटेनं टेकडीवरच्या देवाच्या दगडापर्यंत चालत जायचं, डबा खायचा आणि दुपारच्या बसनं परत. दीड तासाची चढण. सालाची झाडं, बांबू, मध्ये पाण्याचा एक झिरा.

मी पहिल्या रविवारी गेलो होतो. अर्ध्या वाटेवर बसलो ते उठलो नाही. त्यानंतर रविवारी मी झोपायचो आणि सुलभा जायची.

आणि मग घरात सुरू झालं — "बिसेन भाऊ म्हनत होते, हे झाड धावड्याचं." "बिसेन भाऊंनी अस्वलाचे पंजे दाखवले." "बिसेन भाऊ एवढे पासष्टचे, पन धाप लागत नाही त्याह्यले." वरणात मीठ कमी आहे म्हटलं तरी उत्तर यायचं, "बिसेन भाऊ तं मीठच खात नाही."

मी म्हटलं, "मग आता त्याहिच्याच घरी स्वयंपाक कर."

"जळून राह्यले का?" तिनं विचारलं. हसत विचारलं, म्हणून जास्त लागलं.

जळतच होतो. खोटं कशाला बोलू. तिच्या गालावर रविवारी संध्याकाळी जी लाली असायची ती मी अठ्ठावीस वर्षांत कधी आणू शकलो नव्हतो, आणि एका टकल्या माणसानं ती नुसती झाडांची नावं सांगून आणली होती.

तर मागच्या थंडीत एका शनिवारी मी जाहीर केलं, उद्या मी पण येतो.

आता आमच्याकडच्या बसची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. रविवारी बैहरच्या बसला गर्दी असते. बाया पुढच्या दारानं चढून पुढं बसतात, माणसं मागच्या दारानं मागं. नवरा-बायको असले तरी एकदा चढले की उतरेपर्यंत भेट नाही. आणि सीट धरायची म्हणजे बाहेरूनच खिडकीतून खांद्यावरचा गमछा टाकायचा. गमछा पडला की ती सीट तुमची; त्यावर दुसरा माणूस बसत नाही. हा कायदा आमच्याकडे कुठल्याही सरकारी कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो.

सुलभा पुढं चढली. बिसेन आणि बाकीची मंडळी आधीच आत बसली असतील असं मी धरून चाललो. मी मागच्या खिडकीतून माझा लाल चौकडीचा गमछा टाकला आणि निश्चिंत होऊन समोसे तळले जात होते तिकडे गेलो. पुडा हातात घेऊन वळतो तर बस स्टँडच्या फाटकातून बाहेर पडत होती. मी धावलो. मी धावतो म्हणजे काय, ते पाहून लोकांनी रस्ता दिला. पण बस गेली. गमछा गेला, मी राहिलो.

फोन लावला. तिचा बंदच, आणि पुढं घाटात तर रेंजच नसते. पुढची बस पाऊण तासानं. घरी जावं असं मनात आलं... पण डोळ्यांसमोर बिसेन भाऊ आले, धावड्याच्या झाडाखाली, सुलभा मान वर करून ऐकतेय. मी पुढच्या बसमध्ये चढलो. समोसे रागात फेकून दिले होते — उपाशी होतो म्हणालो ना.

फाट्यावर उतरलो. तिथं एका बाईची चहाची टपरी आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं, हातातला कप तसाच धरून. म्हणाली, "आप तो कब के गए थे न, बाई के संगे? लौट काहे आए?"

मला काय वाटावं? हिनं मला बिसेन समजलं! माझ्या डोक्यावर अजून मूठभर तरी केस आहेत. मी म्हटलं, "वो दूसरे होंगे."

"दूसरे?" ती म्हणाली. चहा विचारला नाही.

म्हणजे बाकीचे कुणी आलेच नव्हते. दोघंच गेले होते. त्या रागात मी जी चढण चढलो ती मला आजही खरी वाटत नाही. एकदाही बसलो नाही. झिऱ्याच्या वर वाट एका मोकळ्या उतारावरून वळसा घेते, तिथून वरचं वळण स्पष्ट दिसतं. तिथं मला ते दोघं दिसले.

सुलभाची हिरवी साडी. तिच्या शेजारी एक माणूस, पाठमोरा. पांढरा हाफ शर्ट. आणि खांद्यावर माझा गमछा!

माझा गमछा, बिसेनच्या खांद्यावर! माझी सीट घेतली, माझा गमछा घेतला... तो काहीतरी बोलत होता, अगदी हळू, खाली मान घालून. सुलभा थांबली. तिनं तोंडावर पदर धरला. मग त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं वळणाआड गेले.

मी ओरडलो. आवाज फुटला नाही, नुसती हवा आली. गुरासारखा चढत सुटलो. दगडापाशी पोचलो तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, आणि मनात एक वाक्य तयार होतं जे इथं लिहिता येणार नाही.

सुलभा एकटीच होती. गमछा दगडावर अंथरलेला, त्यावर डबा उघडलेला, दोन पोळ्या इकडं, दोन तिकडं. तिचे डोळे रडून लाल झालेले, पण चेहरा असा... म्हणजे लग्नाच्या आधी पाहायला गेलो होतो तेव्हा दिसला होता तसा.

"आले का?" ती म्हणाली. "अन् बॉटल कुठं? पानी भरून आनतो म्हनून गेलते ना?"

मी म्हटलं, "बिसेन कुठं आहे?"

"बिसेन भाऊ लालबर्‍याले गेले ना लग्नाले! काल रात्रीच तं सांगतलं तुमाले. आज आपन दोघंच." मग ती माझ्याकडे पाहायला लागली. "अन् तुमाले एवढी धाप काहून लागून राह्यली? येतानी तं एकदा नाही लागली."

मी खाली बसलो.

तिला वाटलं मला संकोच झालाय. ती जवळ सरकली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बरं झालं सांगून टाकलं तुमी. एवढी वर्षं मनात ठेवून तुमीच कुढले असान. मी रडली, पन राग नाही आता. खरंच नाही. बैहरच्या शाळेत नोकरी लागली असती तं काय झालं असतं, ते आता कोनं पाहून ठेवलं."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला तो इथं. वळणावर पाहून नाही, टपरीवाल्या बाईचं ऐकून नाही — इथं.

चोवीस वर्षांपूर्वी सुलभाला बैहरच्या शाळेचं नेमणुकीचं पत्र आलं होतं. पक्की नोकरी. मी तेव्हा ऑफिसात कच्चा होतो, आज आहे उद्या नाही असा. पोस्टमननं पत्र माझ्याच हातात दिलं, पानाच्या ठेल्यावर. मी ते घरी नेलं आणि ती दळण आणायला गेली असताना शेगडीत टाकलं. बायकोची नोकरी पक्की आणि आपली कच्ची, हे माझ्यानं सहन झालं नाही. बिसेनवर जळलो ते काय, मी त्या चार ओळींच्या कागदावर जळलो होतो! ती सहा महिने पोस्टमनची वाट बघत राहिली, मग म्हणाली, नाही झालं वाटते सिलेक्शन. मी म्हटलं, नाही झालं. मुलाला सांगितलं नाही, आईला नाही, देवासमोरसुद्धा याचं नाव काढलं नाही. हे माहीत असलेला जगात एकच माणूस होता, आणि तो त्या सकाळी समोशाच्या गाड्यावर उभा होता.

सुलभा बोलतच होती. "तुमी म्हनाले, 'मले तुझा हेवा वाटला होता.' असं कोनी नवरा म्हनते का? मले वाटलं, हे आपलेच हायेत का दुसरे कोनी!" आणि ती हसली.

त्या क्षणी सांगायला पाहिजे होतं. अगं, दुसराच होता. मी बस चुकलो. खिशात दुसऱ्या बसचं तिकीट आहे, बघ. पण सांगितलं असतं तर ती माफी कुणाच्या नावावर गेली असती? आणि मग पुढचा प्रश्न तिनं विचारलाच असता — म्हणजे तुमी सांगतलंच नसतं?

मी म्हटलं, "हौ, मीच." बस, एवढंच.

बाटली आणायला झिऱ्यावर गेलो. ती तिथं होती. काठोकाठ भरलेली, झाकण घट्ट लावलेलं, सपाट दगडावर उभी ठेवलेली. आजूबाजूच्या ओल्या मातीत पावलं शोधली. सुलभाची आणि माझी, चढताना उमटलेली, आणखी कुठलीच नाही. मला ते पाणी प्यायचा धीर झाला नाही. सुलभा प्यायली, तिला काही झालं नाही.

नंतर मी माझ्या परीनं चौकशी केली. बिसेन भाऊंचे त्या दिवशीचे लालबर्‍याच्या लग्नातले फोटो पाहिले, प्रत्येक पंगतीत आहेत. कंडक्टरला विचारलं, माझ्या गमछ्यावर कोण बसलं होतं? तो म्हणाला, "साहब, जिसका गमछा, वोही बैठेगा न." टपरीवाली बाई आता मला चहा देते, पण पैसे हातात घेत नाही, पाटावर ठेवायला लावते. एका डॉक्टर मित्राला तिसऱ्याच माणसाची गोष्ट म्हणून सांगितली. तो म्हणाला, बायकोला भास झाला असेल. पण पत्राचं? त्यावर तो म्हणाला, झोपेत बडबडला असेल तो माणूस कधीतरी. शक्य आहे. पण झोपेत बडबडणारा माणूस टेकडी चढत नाही, आणि जागेपणी मीही चढत नाही.

आता मात्र दर रविवारी जातो. गमछा गळ्यात घट्ट बांधून, खिडकीतून टाकत नाही. उभा राहून जातो. बिसेन भाऊंशी माझं छान जमतं, बिचारे साधे आहेत. माझा जळफळाट दुसरीकडे लागलाय. वाटेवर सुलभा मधेच म्हणते, "त्या दिवशी किती मस्त बोलत होते तुमी." मी प्रयत्न करतो. लहानसहान चुका कबूल करून पाहतो — तिच्या भावाच्या लग्नात मुद्दाम उशिरा गेलो होतो, वगैरे. ती ऐकते, "हौ का" म्हणते आणि पुढं चालायला लागते. धापेत बोललेलं तिला बहुतेक नीट समजतही नाही.

गेल्या रविवारी वर दगडापाशी बसलो होतो. बाकीचे उतरायला लागले होते. ती म्हणाली, "एक सांगू? त्या दिवशी पानी आनाले जायच्या आधी तुमी मले जे म्हनाले ना, ते परत एकदा म्हना."

मी म्हटलं, "काय म्हणालो होतो?"

"इश्श! विसरले?"

"तू सांग ना."

एक्कावन्न वर्षांची बाई, सून यायचं वय झालं. पदर तोंडावर धरून लाजली. "जा बाबा, मले नाही येत," म्हणाली आणि उठून खाली निघाली.

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. तिला लाजवेल असं मी कधी काही बोललेलो नाही, एवढं मला पक्कं आठवतं.