तितर सोडायला माळ

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत दिवस उजाडायचा तो चाचाच्या तितरानं. कोंबडेही होते, पण तितर ओरडून दमला की मगच ते बिचारे तोंड उघडायचे. चाचा गाद्या-उशा भरायचा. त्याच्या भुवयांवर कायम कापूस असायचा आणि तरीही तो स्वतःला पेठेतला सगळ्यात देखणा माणूस समजायचा. चाचीचं मत वेगळं होतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे घरात दोन नर होते आणि दोन्ही नुसते ओरडायच्या कामाचे होते.

चाचाच्या कानाला तितर ‘सुभान तेरी कुदरत’ म्हणत असे. आमच्या तालमीच्या वस्तादाला तेच ओरडणं ‘धर की पाड, धर की पाड’ असं ऐकू येई. यावरून दोघांची कैक वर्षं जुंपलेली होती. तितर दोघांनाही भीक घालत नव्हता.

सुट्टीच्या दिवशी मी वर्कशॉपचं ग्रीस नखांत तसंच ठेवून चाचाबरोबर माळावर जात असे. शहर पूर्वेला संपलं की तो माळ लागायचा. तरवड, बोरी, हेकळ, गुडघाभर कुसळी गवत आणि मधेमधे वारुळं. आमचा जिल्हा हिरव्यानं लाडावलेला. एकीकडे ऊस, दुसरीकडे सह्याद्री. मधल्या या खुरट्या माळाला नातेवाईक म्हणायला कोणी तयार नसे. सगळे त्याला पडीक म्हणत. या पडीक जागेत नवरात्रात अख्ख्या पेठेच्या बायका घटाच्या माळेसाठी तरवडाची पिवळी फुलं तोडत, धनगरांची मेंढरं चरत, आमचे पैलवान पळायला जात आणि ससे, तितर, चंडोल यांचे संसार चालत. एवढा गजबजलेला पडीकपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

चाचा तिथं एखादं वारूळ उकरायचा आणि पिंजऱ्याचं दार उघडायचा. तितर वाळवीवर तुटून पडायचा. पोट भरलं की मान वर करून साद घालायचा आणि बोरीच्या जाळीतून कोणीतरी रानटी तितर त्याला उत्तर द्यायचा. मग हा चिडायचा, तो चिडायचा. चाचा बिडी विझवून ऐकत बसे आणि कोण कोणाला काय शिवी देतोय ते मला सांगत असे. त्यातल्या बऱ्याच शिव्या त्याच्या स्वतःच्याच होत्या अशी माझी खात्री आहे.

ऐंशीच्या सुमाराला झाडं लावायची साथ आली. आता आमच्या तालमींचा स्वभाव सांगायला हवा. शेजारच्या तालमीनं गणपतीला मांडव उंच केला की आमचा त्याहून उंच. त्यांनी मोहरमला पंजा सजवला की आमचा पंजा त्याहून नटलेला. त्या तालमीनं कुठल्याशा टेकडीवर निलगिरी लावली आणि त्यांच्या पैलवानांचा फोटो पेपरात आला. फोटोत झाडं दिसतच नव्हती, दंडच दिसत होते. तरी आमच्या वस्तादाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला की आपण अख्खा माळ हिरवा करायचा, आणि त्याआधी तिथली काटेरी घाण मुळासकट काढायची.

पैलवानांनी तो माळ कुस्तीसारखा अंगावर घेतला. तरवड पटापट चीत झाले. बोरी दाद देईनात. एका गड्यानं चिडून बोरीला कवळ्यात धरून उपटायचा प्रयत्न केला आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्याला पालथं झोपता आलं नाही. सगळ्यांच्या पुढे कुदळ घेऊन चाचा होता. उन्हानं तितराचा रंग उतरतो असं त्याचं म्हणणं होतं. झाडं झाली की पाखरू सावलीत बसेल. त्याच्याएवढी झुडपं कोणीच काढली नाहीत, म्हणून वस्तादानं त्याला सगळ्यांसमोर फेटा बांधला. मग वनीकरणवाले आले. रोपांना वाळवी लागू नये म्हणून त्यांनी खड्ड्याखड्ड्यांत पांढरी पावडर टाकली. पावडर इमानदार निघाली, माळावरची वारुळंही ओस पडली.

निलगिरी भराभर वाढली. चार पावसाळ्यांत मान मोडेपर्यंत वर बघावं लागे. सावली म्हणाल तर इतकी विरळ, की तिच्यात उभं राहिलं तरी आपली सावली वेगळी दिसे. खाली गवत नाही, नुसता वाळका पाला. नवरात्रात बायका रिकाम्या हातांनी परत आल्या. त्यांनी घटाला झेंडूची माळ घातली आणि तालमीचा उद्धार केला. देवीला झेंडूच जास्त आवडतो, असं वस्तादानं जाहीर करून टाकलं.

चाचाचा तितर मात्र ऐकेना. माळावर नेलं की तो साद घाली आणि मान वाकडी करून थांबे. उत्तर येत नसे. पुन्हा साद, पुन्हा थांबणं. काही महिन्यांनी त्यानं ओरडणंच सोडलं. गल्लीत पहाटे कोंबडे मोकाट सुटले. चाचानं त्याला अंड्याचा बलक दिला, तुपात भिजवलेलं पीठ दिलं. नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या. माझ्या अंगाच्या ग्रीसच्या वासानं तो बिथरला, असा आळही माझ्यावर घेऊन झाला. शेवटी एका सकाळी चाचा निलगिरीच्या बुंध्याला टेकून बसला आणि पिंजऱ्याकडे बघत म्हणाला, “त्येला बोलायला कुणी ऱ्हायलं न्हाय रं. आन् उपटायला सगळ्यांच्या म्होरं मीच हुतो की.”

एरवी मी काहीतरी वाकडं बोललो असतो. त्या दिवशी मला त्याची फार कीव आली आणि मी पिंजरा उचलून घराची वाट धरली.

त्याच सुमाराला वनीकरणाचे मोठे साहेब जीपमधून लागवड बघायला आले. वस्तादानं हार घातला. साहेबांना झाडं आवडली, मग त्यांची नजर चाचाच्या पिंजऱ्यावर गेली. माणूस वाईट नव्हता. रानपाखरू पाळणं आता कायद्यानं गुन्हा आहे, वन्यजीव वाचवायचे तर त्यांना त्यांच्या घरी सोडलं पाहिजे, असं त्यांनी समजुतीनं सांगितलं. चाचानं विचारलं, कुठं सोडू? साहेबांनी निलगिरीकडे हात केला. एवढं जंगल उभं केलंय, ते कशासाठी?

चाचानं सगळ्यांसमोर दार उघडलं. तितर बाहेर आला. वाळक्या पाल्यावर थोडा चालला, एका बुंध्यापाशी गेला, दुसऱ्यापाशी गेला, वर बघितलं आणि परत येऊन पिंजऱ्यात बसला. आमच्याकडे पाठ करून.

“त्यानं बघितलं, सायेब,” चाचा म्हणाला. “आवडलं न्हाय त्याला.”

पैलवान फिदीफिदी हसले. साहेबही आधी हसले, मग त्यांना आपण साहेब असल्याची आठवण झाली आणि त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली.

परत येऊन कोणी बघणार नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पिंजरा कापसाच्या ढिगामागे ठेव, असा सल्ला वस्तादानं दिला. पण चाचाला कायद्याचं भय नव्हतंच. त्याला त्या मुक्या पाखराकडे बघवत नव्हतं. ते पुन्हा ओरडायला हवं, मग ते आपल्या घरात असो वा नसो, असं त्यानं ठरवलं. हुपरीच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीकडे चाचीच्या माहेरच्या लोकांचं गाव होतं. तिथला माळ अजून कोणी सुधारला नव्हता. आम्ही हुपरीची एसटी धरली, तिथून दुसऱ्या गाडीनं त्या गावच्या फाट्यावर उतरलो.

बघतो तर तरवड फुलला होता. आम्ही पिंजरा खाली ठेवतोय तोच लांबून साद आली. तितर ताठ झाला. त्यानं घसा साफ केल्यासारखा एक बारीक आवाज काढला आणि मग असा ओरडला की माझ्या अंगावर काटा आला. चाचानं दार उघडलं. तितर झुडपांत शिरला. लगेच दोघांची जुंपली. चाचा या वेळी शिव्यांचे अर्थ सांगत बसला नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायचीही त्यानं तसदी घेतली नाही.

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलो. न राहवून चाचा टपरीवाल्याला म्हणाला, “पावणं, एक सांगू? ह्या माळावर तेवढी झाडं लावू नका.”

टपरीवाल्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. “असं कसं, चाचा? गावाचं ठरलंय की. पुढल्या पावसाळ्यात समदं काटं काढून निलगिरी लावायची हाय. कोल्हापूरच्या पैलवानांनी केलीया म्हणं, अगदी तशीच.”

चाचानं चहा तसाच ठेवला. रिकामा पिंजरा उचलला आणि पाखरू परत आणायला तो माळाकडे तरातरा निघाला. मी मागून पळालो. अर्ध्या वाटेवर तो थांबला. तरवडातून आमचा तितर ओरडत होता आणि आता त्याला दोन बाजूंनी उत्तरं येत होती. चाचानं रिकाम्या पिंजऱ्याचं दार लावून घेतलं. मागं गाडीचा हॉर्न वाजला.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “पावसाळ्यापतूर तरी ऱ्हाऊ दे.”