न गेलेली लाईन

वीज कोठीत भरून ठेवता येत नाही, हे मी गोंदियाकडच्या त्या गावात किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे. पटलं कुणाला? छे! दोन हजार सालानंतरची ती भारनियमनाची वर्षं. सगळीकडे अंधार झाला की माझ्या सबस्टेशनमध्ये बॅटरीवरचा एक दिवा तेवढा जळायचा, आणि तो धानाच्या बांध्यांपलीकडून गावाला दिसायचा. झालं! सायेब लाईन दाबून ठेवतो, अशी माझी ख्याती झाली.

"आमच्या इथं बंद, अन् तुमच्या इथं कसा जळून राहिला?" घरमालक विचारायचे. पोवार शेतकरी, तोंडाचे फटकळ. मी त्यांच्याच घरात भाड्यानं राहायचो. समजावता समजावता माझं डोकं फिरायचं. अहो, तो दिवा बॅटरीवरचा; राखीव वीज असते ती तिकडे सह्याद्रीत, धरणाच्या पाण्यावर तयार ठेवलेल्या यंत्रांत. मागणी वाढली की फ्रिक्वेन्सीच्या मीटरचा काटा पन्नासच्या खाली घसरतो. मग वरचे लोक ती यंत्रं सुरू करतात. तेवढ्यानं भागलं नाही तर मला फोन येतो आणि मी गावाची लाईन पाडतो. माझ्या हातात फक्त पाडणं!

टपरीवर गेलो की बाकड्यावरच्या गप्पा बंद व्हायच्या. चहा मिळायचा, पण शब्द नाही. बदलीवर आलेला एकटा माणूस मी. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटायचं.

एका उन्हाळ्यात घरमालकांच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका मला उंबऱ्याबाहेरूनच मिळाली. "सायेब, त्या दिवशी तरी लाईन नोका पाडू," एवढंच ते म्हणाले. लग्नाला या, असं काही म्हणाले नाहीत. मला ते लागलं. तरी मी त्या संध्याकाळची ड्युटी मुद्दाम मागून घेतली. दुसरा कुणी असता तर फोन आल्याबरोबर पाडून मोकळा झाला असता.

लाऊडस्पीकरवर मंगलाष्टका सुरू झाल्या आणि काटा घसरायला लागला. वरच्यांचा फोन वाजलाच.

"पाड तुझी लाईन."

"सर, गावात लग्न लागतंय. दुसरं काही होत नाही का?"

"लग्नं काय तुझ्याच गावात आहेत का रे?" तो खेकसला. मग पलीकडे कुणाशी तरी बोलला. "थांब. पाण्यावरचं एक यंत्र घेतोय. पण काटा आणखी घसरला तर न विचारता पाडायची."

पाडलीच असती. एका मांडवासाठी अर्धं राज्य अंधारात घालणारा मी नव्हे. हात स्विचवर ठेवून उभा राहिलो. काटा तिथंच अडून बसला. बसला तो बसलाच. मग हळूच वर सरकायला लागला, आणि तिकडे बँड सुरू झाला. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. खोलीत कुणीच नव्हतं.

सकाळी घरमालक बुंदीची ताटली घेऊन माझ्या दाराशी आले. कित्येक महिन्यांनी चेहरा मोकळा होता.

"काल लाईन एकदाही नाही गेली," ते खुशीत म्हणाले. "तुमची ड्युटी नोहोती वाट्टे?"