द्यायच्या साड्या

तीर्थपुरीच्या बाजारपेठेत मदनलालशेठचं कापडाचं दुकान चाळीसेक वर्षांपासून आहे, आणि इतकी वर्षं शेठजी एकच गोष्ट छातीवर हात ठेवून सांगत आले. "ह्या भागातल्या लग्नात जा, दर दुसऱ्या बाईच्या अंगावर आपली साडी दिसंल!" आजोबा राजस्थानातून आलेले, बापानं पाठीवर गाठोडं बांधून गावोगाव कापड विकलेलं. गादी घालून बसले ते मदनलालच. त्यामुळं पुण्यातून लेकाचा, श्रेणिकचा फोन आला आणि तो म्हणाला, "पप्पा, दोन लग्नसराया झाल्या, दुकानात माश्या मारून राह्यले तुम्ही. जागा मोबाइलवाल्याला भाड्यानं देऊन टाकू," तेव्हा शेठजींच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मंदी हाय. जाईल," एवढंच ते म्हणाले. मंग श्रेणिकनं ही लग्नसराई संपेपर्यंतची मुदत दिली. बापाला मुदत देतात आजकालची पोरं, काय बोलायचं!

ह्याच सराईत कुंभार पिंपळगावला काकासाहेबांच्या मुलीचं लग्न होतं. काकासाहेब जुनं गिऱ्हाईक, घरचेच म्हणा. शेठजी आणि त्यांची बायको लाडबाई जोडीनं गेले, जेवले, निघताना आहेर झाला. शेठजींना टॉवेल-टोपी, लाडबाईंना साडी. घरी आल्यावर लाडबाईंनी ती साडी पिशवीसकट पलंगावर टाकली आणि त्या पाणी प्यायला आत गेल्या.

आता कापडवाल्याचा हात, तो काही गप्प बसत नाही. शेठजींनी पिशवीतून साडी काढली, पोत बघितला, पदर उलटला आणि तिथंच थिजले. पदराच्या आतल्या कोपऱ्याला कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक होतं. विटकं, पण त्यांच्याच बोटानं काढलेलं.

म्हणजे कसं, दर अखातीजला, अक्षय्य तृतीयेला, नवा माल लागला की त्यातल्या पहिल्या साडीवर शेठजी कुंकवानं साथिया काढतात, आणि ती साडी वर्षातल्या पहिल्या भल्या गिऱ्हाइकाला देतात. शुभ म्हणून. ही मोतिया रंगाची साडी त्यांनी आष्टीच्या कडूबाला दिल्ती, त्याच्या थोरलीच्या लग्नात. थोरलीचं पोरगं आता शाळेत जातं! आणि साडीला ना फॉल, ना पिको. घडीच्या रेघांवर रंग उडालेला. अहो, एवढ्या वर्षांत एका बाईनं तिची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"अगं ए, इकडं ये!" शेठजी ओरडले. "ही आपली साडी हाय! आपल्याच दुकानातली!"

लाडबाई पदरानं तोंड पुसत आल्या. साडीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. "मंग? ही काय पहिलीच हाय का?"

त्यांनी कपाटाचा खालचा कप्पा उघडला. शेठजींचे डोळे पांढरे झाले. थप्पीच्या थप्पी. सगळ्या आपल्या. ही मागच्या दसऱ्याची, ही बंद पडलेल्या गिरणीची, ही तर त्यांनी स्वतः गावच्या सरपंचाला मोठ्या कौतुकानं विकलेली. गाव हिंडून हिंडून त्या विकणाऱ्याच्याच घरी आल्या होत्या.

"आल्या तशा मी बी पुढं देते," लाडबाई म्हणाल्या. "सगळ्याच देतात. नेसतं कोण?"

"मला कधी सांगितलं न्हाईस ते?"

"तुम्ही कधी विचारलं?"

शेठजींना रात्रभर काही सुचेना. सकाळी गादीवर बसले तर भारत आला, शेजारच्या गल्लीतला, बायकोला घेऊन. बायको दैवशाला, अंगणवाडीत सेविका. "हिच्या भाचीचं लग्न हाय शेठजी, आहेराच्या काढा जरा," भारत म्हणाला. शेठजींचे हात सवयीनं चालू झाले. साड्या भारतपुढं पडू लागल्या, बोलणं भारतशी, हसणं भारतशी. आणि मधेच त्यांची नजर मागं गेली. दैवशाला भिंतीला टेकून मोबाइल बघत बसली होती. तिच्याच तर नात्यातलं लग्न, आणि साड्यांकडं तिचं बिलकुल लक्ष नव्हतं!

"पोरी," शेठजींनी हिय्या केला, "तुला स्वतःला बी एखादी दाखवू का?"

दैवशालानं दचकून वर बघितलं. "मला? न्हाई शेठजी, माझी मी जालन्याहून आणली."

"इथलं काय वाईट हाय?"

भारतनं तिला डोळ्यानं दटावलं, पण ती काही थांबली नाही. "राग धरू नका. इथल्या द्यायच्या असतात. मला रोज नेसून स्कूटीवर जायचं असतं, हलकी लागती, धुतली की वाळली पाहिजे. तुमच्या साडीतल्या ब्लाऊजपीसमधे माझं ब्लाऊज होत न्हाई, लेकीचं बी होत न्हाई. लग्न होऊन आले तवापासून येते मी इथं. तुम्ही माझ्याकडं बघून एक साडी उघडल्याली मला आठवत न्हाई."

शेठजींच्या पायाखालची गादी सरकली. चाळीस वर्षं आपण बायकांचं दुकान चालवतोय म्हणून मिरवलं, आणि बाईशी बोललोच नाही! ज्यानं पैसे काढले तो गिऱ्हाईक. नेसणारी? ती मागं, भिंतीला टेकून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. सराईच्या दिवसात! बाजारपेठेला वाटलं, शेठ गेला की काय. शेठजी लाडबाईंना घेऊन जालन्याच्या एसटीत बसले. "चल, ह्या बाया जातात तरी कुठं ते बघू. तुला बी एक घेऊ."

दैवशालाकडून पत्ता विचारून घेतलेलं ते दुकान काही फार मोठं नव्हतं. आत गेल्यावर शेठजी पुढं होऊन बसणार, तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं त्यांना बाजूची खुर्ची दाखवली, पाण्याचा ग्लास दिला, आणि पाठ फिरवली. अहो, चक्क पाठ फिरवली! ती लाडबाईंपुढं बसली आणि हसून म्हणाली, "मावशी, तुम्हाला काय आवडतं?"

लाडबाईंनी सवयीनं नवऱ्याकडं बघितलं.

"त्यांना न्हाई मावशी, तुम्हाला. रंग कोणता आवडतो?"

  एकदम लाडबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "मला... मला ठाऊकच न्हाई गं. मी आपली दुकानात जी उरंल ती नेसत आले."

 सगळी थप्पी, सगळी कपाटं, सगळा मोतिया आणि रामा कलर खुर्चीतल्या शेठजींच्या डोळ्यांपुढून गेला. खरंच, सराई सरली की जी साडी कोणीच उचलली नाही, ती ते घरी आणायचे. आणि वर म्हणायचे, शेठाणी हाय आपली, तिला काय कमी! लाजेनं त्यांना मान वर करता येईना.

त्या मुलीनं घाई केली नाही. एकेक उघडत गेली, लाडबाईंच्या खांद्यावर टाकत गेली, आरशात दाखवत गेली. खूप वेळानं लाडबाईंनी जांभळ्या रंगाची साधी सुती साडी उचलली, बारीक काठाची. शेठजींच्या दुकानात तसली एकही नव्हती.

परतीच्या एसटीत ती पिशवी मांडीवर धरून लाडबाई खिडकीशी बसल्या होत्या. अंबड गेल्यावर शेठजी हळूच म्हणाले, "श्रेणिकचा फोन येईल आता. दुकान भाड्यानं द्यायचं म्हणतो. मला तर काही कळंना झालंय." थोडं थांबून, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं?"

रंग सांगता न आलेल्या लाडबाईंनी ह्याला क्षणभरही वेळ घेतला नाही.

"द्यायचंच असंल तर मला द्या."

"तुला? तुला काय..."

"भाडं देईन. दर महिन्याला, बराबर. दैवशालाचं तुम्ही सांगितलं ना, ते ब्लाऊजपीसचं आधी बघू. आणि तुम्ही बाजूच्या खुर्चीत बसायचं."

 कंडक्टरनं तीर्थपुरी, तीर्थपुरी म्हणून दोनदा हाक मारली, तेव्हा लाडबाई उठल्या आणि नवऱ्याच्या आधी खाली उतरल्या.