वीज गेली नव्हती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हालाच का सांगतेय — ते मलाही नीट कळलेलं नाही.

हिंगणा रोडवरच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी यंत्रांत बसवायच्या विजेच्या मोटारींच्या चाचण्या घेते. जुन्या मोटारींचं सोपं असतं. अंगावर तळहात ठेवायचा. थरथर थांबली की मोटार थांबली. वर्षानुवर्षं माझा हात चुकला नाही. मग ती नवी मोटार आली. तिचा रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, चुंबकांच्या जोरावर अधांतरी फिरतो, कशालाही टेकत नाही. आवाज नाही, थरथर नाही. घासायला काही नसल्यामुळे मोटार बंद केली तरी रोटर कितीतरी वेळ फिरतच राहतो. लाईट गेलीच, तर रोटर मंदावेपर्यंत बॅटरी चुंबक चालू ठेवते, आणि मग त्याला झेलायला खाली आधाराच्या कड्या. चुंबकांचा स्विच हातानं बंद केला, तर मात्र बॅटरीही तुटते. त्या सुनंदानं बसवल्या होत्या. माझ्या हाताखाली शिकलेली, माझ्याहून धाकटी, कामात सफाई.

त्या दुपारी सगळे बाहेर झाडाखाली डबा खायला गेले होते. मोटार बंद करून मी बराच वेळ थांबले. वेग दाखवणारा पडदा समोरच होता. पाहिला का नाही? सवय म्हणू? मी तळहात ठेवला. शांत. म्हणून मी चुंबकांचा स्विच —

थांबा. आधी पुढचं सांगते.

किंचाळल्यासारखा आवाज झाला. सगळे धावत आले. मी म्हणाले, "लाईट गेली होती." उन्हाळ्यातलं नागपूर, कोण शंका घेणार? पण लाईट गेली तर कड्यांनी मंदावलेला रोटर झेलायला हवा होता. कड्यांचे तर तुकडे झाले होते. म्हणजे त्या नीट बसवलेल्या नव्हत्या, असं सगळ्यांनी धरलं.

साहेब म्हणाले, "सुनंदा, काय करून ठेवलं वं हे?"

"मी तपासूनच बसवल्या होत्या, सर. मले काहीच समजून नाही राहिलं."

मग मी बोलले. तिच्या बाजूनं बोलले! "जाऊ द्या साहेब, चूक कुणाच्याही हातून होते." चूक तिचीच, हे त्या वाक्यानं पक्कं झालं. हे मला तेव्हा कळत होतं का? कधी वाटतं, होतं. कधी वाटतं, खरंच तिला वाचवायला गेले होते. कड्या थोड्या वाकड्या असतीलही — असतील का? आता कोण सांगणार? तुकडे भंगारात गेले.

तिला त्या कामावरून काढलं. पुढे तिनं नोकरीच सोडली. आता सक्करदऱ्यात कूलरचे पंप दुरुस्त करते.

या उन्हाळ्यात आमचा कूलर बिघडला. तिलाच बोलावलं. का बोलावलं? दुकानं काय कमी आहेत? तिनं पंप उघडला, साफ केला, चालू करून त्यावर तळहात ठेवला. माझ्याकडूनच शिकलेली सवय. मग हसून म्हणाली, "बाकी सगळे चूप होते, ताई. तुम्ही एकट्याच माह्यासाठी बोलल्या. मी नाही विसरत."

मी विचारलं, "चहात साखर किती घालू?"

तिनं चहा घेतला, पाना-पक्कड पिशवीत भरली आणि गेली.

त्या दुपारी वीज गेली नव्हती. रोटर अजून जवळजवळ पूर्ण वेगात फिरत होता. चुंबकांचा स्विच मी बंद केला.