ठसेवाल्याचा जबडा

जबड्याच्या दवाखान्याच्या तळघरात एक माणूस बावीस वर्षं प्लास्टरचे जबडे ओतत होता. वर रुग्णाच्या दातांचे ठसे घेतले की ते खाली येत. तो त्यांत प्लास्टर ओतून जबडा तयार करी, बारीक करवतीनं कापी, ऑपरेशननंतर दात जसे बसायला हवेत तसा जोडी आणि त्या मापाची पारदर्शक पट्टी बनवून देई. सर्जन कापलेला जबडा त्या पट्टीत बसवूनच स्क्रू मारत. नाव सर्जनचं, माप ह्याचं. त्याला सगळे ठसेवालाच म्हणत.

ह्या ठसेवाल्याचा स्वतःचाच खालचा जबडा मात्र चांगला पुढे आलेला. पुढच्या दातांची एकमेकांशी ओळखच नव्हती. ब्रेडचा तुकडा तोडायलाही मान वाकडी करून दाढ वापरावी लागे. अर्धवट चावलेलं गिळून पोट कायमचं बिघडलेलं.

शेवटी बायकोनंच विषय काढला. "अहो, दुनियेचे जबडे सरळ करता. स्वतःचा कधी?"

"मला सवय झालीये."

"तुमच्या पोटाला झालेली नाही."

दवाखान्यात विशेषज्ञ दोन. तारवाले डॉक्टर आधी दीड वर्ष तारा लावून दात ओळीत आणत, मग सर्जन हाड कापत. दारावरच्या पाटीवर कुणाचं नाव वर, ह्यावरून दोघांत आठ वर्षं अबोला होता. सर्जनच्या मते तारवाले म्हणजे दातांचे शिंपी. तारवाल्यांच्या मते सर्जन म्हणजे पदवी घेतलेला सुतार. निरोपांची ने-आण ठसेवाल्याकडे.

दीड वर्षानं त्याचे दात ओळीत आले आणि तो स्वतःच्याच जबड्याचे निरोप नेऊ लागला. सर्जन म्हणाले, "जबडा पाच मिलिमीटर मागे."

"सात," तारवाले म्हणाले. "त्यांना म्हणावं, पाचनं दात भेटतील, पण दोन वर्षांत पुन्हा फारकत घेतील."

"त्यांना सांगा, सातनं चेहरा बसका दिसेल."

तीन आठवडे जिने चढून-उतरून त्याचे गुडघे बोलू लागले. मग एका दुपारी त्यानं स्वतःचा प्लास्टरचा जबडा टेबलावर घेतला. हजारो जबडे कापलेल्या हातानं तोही कापला. पाचवर दात एकमेकांवर चढत होते, सातवर मध्ये फट राहत होती. सहावर ते असे बसले की ठसेवाला बराच वेळ नुसता बघत राहिला. त्यानं सहाची पट्टी केली.

"माझंच माप ना?" दोघांनीही वेगवेगळं विचारलं. दोघांनाही तो "हो डॉक्टर" म्हणाला.

ऑपरेशन चार तास चाललं. नंतर सहा आठवडे दात रबरांनी आवळलेले, तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं. सर्जन सकाळी येऊन म्हणत, "पाहिलंत? पाचची कमाल." तारवाले संध्याकाळी सातची कमाल सांगत. बिचारा मान डोलवी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो त्याला अक्षरशः मिळाला.

पुढे डॉक्टरांचं मोठं संमेलन भरलं. सकाळी सर्जननी त्याचे फोटो दाखवून पाचवर भाषण दिलं, दुपारी तारवाल्यांनी तेच फोटो दाखवून सातवर. चहाच्या वेळी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ठसेवाल्यालाच गाठलं.

"नक्की किती मागे घेतला हो?"

"सहा."

"म्हणजे तडजोड केलीत?"

"नाही. दात तेवढ्यावरच बसत होते."

दोन्ही विशेषज्ञ कप हातात धरून मागेच उभे होते. सर्जननी तारवाल्यांकडे वळून विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही. तुम्हाला?"

दहा वर्षांतलं हे त्यांचं पहिलं संभाषण. दुसऱ्या दिवशी ठसेवाल्याला ताकीदपत्र मिळालं: विशेषज्ञांना न विचारता माप ठरवणं गंभीर आहे, वगैरे. त्यानं ते घरी वाचून दाखवलं. बायकोनं कागद हातात घेऊन खालच्या दोन्ही सह्या नीट पाहिल्या.

"दोघांनी एकाच कागदावर सही केली?" ती म्हणाली. "तुम्हाला बढतीच द्यायला हवी होती."

तो मोकळेपणानं हसला. पूर्वी तो हसताना तोंडावर हात धरायचा.